गडग्यापलीकडचं गाऱ्हाणं

गुरुदास अण्णांना व्यायामाचा मनस्वी कंटाळा होता, हे आधीच सांगून टाकते. नाहीतर पुढचं ऐकून तुम्ही म्हणाल, वा, काय जिद्दीचा माणूस! जिद्दबिद्द काही नाही हो. सगळी नोकरी एसटीत कंडक्टर म्हणून उभ्याने काढली आणि निवृत्त झाल्यावर पडवीतल्या खुर्चीत जे बसले ते बसलेच. विमलवहिनी होत्या तेव्हा पाण्याचा तांब्यासुद्धा हातात मिळायचा.

कसालला हायवे सोडून आत आलं की आमची वाडी लागते. अण्णांचं खळं, म्हणजे अंगण, आणि माझं खळं यांच्यामध्ये एक चिऱ्याचा गडगा आहे, कमरेएवढा. त्यामुळे त्यांच्या घरात काय चाललंय ते मला कळतं आणि माझ्याकडचं त्यांना. मी तुळसा, जिल्हा परिषदेच्या शाळेतून निवृत्त झालेली. सगळा गाव मला बाई म्हणतो, माझ्याहून मोठे असून अण्णासुद्धा. माझे यजमान जाऊन बरीच वर्षं झाली, मुलगी नाशिकला. माझ्या रागाबद्दल गावात बरंच बोललं जातं, त्यातलं बहुतेक खरं आहे.

विमलवहिनी गेल्या आणि वर्षाच्या आतच अण्णांना अर्धांगाचा झटका आला. उजवा हात, उजवा पाय आणि जीभ, तिन्ही एकदम गेली. मुलगा ओमकार पुण्याहून धावत आला. कणकवलीच्या दवाखान्यात बापाजवळ राहिला, ते जरा सावरल्यावर त्यांना घरी आणलं, दोन वेळच्या डब्याची सोय लावली. पोरगा वाईट नाही, हे मी आजही म्हणते. जाताना मात्र त्याने बापाला माझ्यासमोर बजावलं.

"बाबानू, चतुर्थीक मी येतंय. तोपर्यंत आंघोळ, जेवण, पायऱ्यो चढणा उतरणा, सगळा तुमचा तुमी करूक लागलात तर रवा हय. नाय तर घराक कुलूप घालूया आनि पुण्याक चला. थंय तुमच्यासाठी खोली ठेवलंय."

अण्णांच्या तोंडून धड शब्द फुटत नव्हता तेव्हा. त्यांनी नुसता डावा हात खुर्चीच्या दांड्यावर आपटला. मला अर्थ कळला. हे घर, ही पडवी, विमलवहिनींनी लावलेली अबोली, हे सोडून ते कुठेही जाणार नव्हते.

मग झाला व्यायाम सुरू. कणकवलीला गौरजा नावाची एक फिजिओथेरपीवाली मुलगी होती. आठवड्यातून एकदा रिक्षाने तिच्याकडे जायचं आणि तिने सांगितलेलं रोज घरी करायचं. पडवीच्या वाशाला तिने विहिरीची जुनी कप्पी बांधून घेतली, तिच्यावरून दोर टाकला. डाव्या हाताने दोर ओढायचा, म्हणजे दुसऱ्या टोकाला बांधलेला उजवा हात वर जातो. वर गेला की दहापर्यंत आकडे मोजायचे आणि मग खाली. आकडे मोठ्याने म्हणायचे, म्हणजे जिभेलाही वळण लागतं.

पहिले काही दिवस बरं चाललं. मग अण्णांनी माझ्या वर्गातल्या पोरांचा मार्ग धरला. कणकवलीला जायच्या आदल्या दिवशी सगळा व्यायाम एकदम करायचा आणि बाकीचे दिवस दोराकडे बघत बसायचं. मी गडग्यावरून ओरडायची, "काय ओ अण्णा, दोर वाळत घातलाय काय?" तर ते तोंड वाकडं करून म्हणायचे, "आकडे मोजून कंटाळो येता. एक, दोन, तीन. मी काय तिकिटा मोजतंय?"

खरं होतं ते. एकट्याने पडवीत बसून एक-दोन-तीन म्हणण्यासारखं दुसरं भकास काम नसेल. मी कशाला खोटं बोलू, मीसुद्धा केलं नसतं. माझा स्वतःचा उजवा खांदा कधीपासून धरला होता. जास्वंदीची वरची फुलं मी डाव्या हाताने काढायची. गौरजा एकदा अण्णांना बघायला घरी आली तेव्हा तिने ते बघितलं आणि म्हणाली, बाई, तुम्हालाही व्यायाम लागेल. मी तिला चहा दिला आणि विषय बदलला.

आणि एका सकाळी पलीकडून आवाज आला.

"बा देवा म्हाराजा! आज ह्यो गुरुदास तुका गाऱ्हाणा घालता, ता आयकान घी म्हाराजा!"

आमच्याकडचं गाऱ्हाणं ज्याला माहीत नाही त्याला सांगते. देवळात, घरात, नव्या गाडीच्या पूजेला, कोणीतरी जाणता पुरुष पुढे उभा राहतो आणि खड्या आवाजात देवाला सगळं सांगतो. चुकलं माकलं माफ कर, पोराबाळांना सुखी ठेव. प्रत्येक सांगण्यानंतर जमलेल्यांनी एका सुरात म्हणायचं, व्हय म्हाराजा! त्या होकाराशिवाय गाऱ्हाणं पुरं होत नाही. झटका येण्याआधी आमच्या वाडीत गाऱ्हाणं घालायला अण्णाच लागायचे. भरलेल्या एसटीत मागच्या माणसाला ऐकू जाणारा आवाज तो.

मी गडग्याशी गेले. अण्णांचा उजवा हात दोराने वर ओढलेला, मान ताठ, आणि जड जिभेने एकेक शब्द ओढून काढत त्यांचं गाऱ्हाणं चाललेलं. एक मागणं संपलं की थांबायचे, आणि मग स्वतःच हळू आवाजात म्हणायचे, "व्हय म्हाराजा." मग हात खाली. आकड्यांच्या जागी त्यांनी गाऱ्हाणं घातलं होतं.

मला हसू आलं आणि रागही आला. "अण्णा! आपणच गाऱ्हाणा घालूचा आनि आपणच व्हय म्हणूचा? असा खंय आसता?"

"मगे कोण म्हणतलो?" अण्णा म्हणाले. "हय कोण आसा?"

त्यांनी परत हात वर ओढला. "म्हाराजा, ह्या वाडीतली लाईट घटकेघटकेक जाता, ती जावक देऊ नको रे म्हाराजा!"

आणि माझ्या तोंडून निघून गेलं, "व्हय म्हाराजा!"

अण्णांनी हात खाली घेतला आणि माझ्याकडे बघितलं. वाकड्या तोंडाने हसले. झटका आल्यापासून मी त्यांना पहिल्यांदाच हसताना बघत होते.

त्या दिवसापासून तो नेम झाला. सकाळी मी फुलं काढायला खळ्यात आले की पलीकडे कप्पी करकरायची. अण्णा देवाकडे वाट्टेल ते मागायचे. डब्यातल्या आमटीत मीठ कमी पडू देऊ नको. माझ्या मांजराला त्यांच्या खुर्चीवर झोपायची बुद्धी देऊ नको. मी व्हय म्हणेपर्यंत हात खाली घ्यायचा नाही, असा आमचा करार. मग मीही मुद्दाम उशीर करायची. एकेक फूल सावकाश काढायची, परडी नीट करायची.

"बाई, व्हय म्हणा ओ! हात तुटलो माझो!"

"घाई कसली? देव विचार करता हा."

शिव्या घालायचे मला, पण हात वर ठेवायचे. गौरजा म्हणाली, हा बदल कसा झाला? आम्ही दोघांनीही सांगितलं नाही. सांगितलं असतं तर लोक हसले असते.

सगळंच काही हसण्यासारखं नव्हतं. रविवारच्या सकाळी ठरलेलं एक गाऱ्हाणं असायचं. "म्हाराजा, ओमकाराक कामात यश दी, आनि आज एक फोन करूची आठवण दी." त्याला मी कधी उशीर केला नाही. आणि एकदा, पावसाची झड लागली होती तेव्हा, हात वर धरून अण्णा म्हणाले, "म्हाराजा, विमल परत येवची नाय, ह्या माका म्हायत आसा. पण रोज सकाळी जाग येता तेव्हा परत परत कळता. तेवढा एक बंद कर रे म्हाराजा."

माझ्या घरातही सकाळी एकच कप काढायचा असतो. मी व्हय म्हटलं, पण ते त्यांना ऐकू गेलं की नाही कोण जाणे. हात त्यांनी पुष्कळ वेळाने खाली घेतला.

श्रावण सरत आला तशी मला धाकधूक वाटू लागली. पाय सुधारला होता, पायऱ्या चढत होते, आंघोळ स्वतःची स्वतः. प्रश्न हाताचा होता. चतुर्थीला गणपतीच्या डोक्यावर माटवी बांधायची असते. लाकडी चौकट, तिला आंब्याचे टाळ म्हणजे डहाळे, नारळ, रानातली लाल कवंडाळं, सगळं वर बघत, दोन्ही हात डोक्यावर नेऊन बांधायचं. अण्णांच्या घरात माटवी अण्णाच बांधायचे. ओमकार बघणार होता ती हीच गोष्ट, हे आम्हा दोघांनाही ठाऊक होतं. अण्णा दोर सोडून नुसता हात वर करायला लागले. खांद्यापर्यंत जायचा, मग थरथरायचा. मी व्हय म्हणायला उशीर लावायची आणि मनात देवाला सांगायची, जाऊ दे रे एवढा वर.

चतुर्थीला ओमकार बायकोला घेऊन आला. घर भरलं. मी मोदकांचं ताट घेऊन गेले तेव्हा अण्णा स्टुलावर उभे होते आणि दोन्ही हात वर. उजवा हात डाव्याहून जरा खाली, पण वर! ओमकार स्टूल धरून होता. अण्णांनी शेवटचा नारळ बांधला, गाठ मारली आणि माझ्याकडे बघून भुवई उडवली. मला इतका आनंद झाला की ताट कुठे ठेवलं ते आठवेना.

आरतीनंतर त्यांनी गाऱ्हाणं घातलं. जीभ अजून जराशी जड होती, पण आवाज तोच, एसटीतला. वाडीतली सगळी जमलेली. व्हय म्हाराजा म्हटल्यावर कौलं हलली. माझा आवाज त्यात कुठे गेला कळलंसुद्धा नाही.

ओमकारने बापाला मिठी मारली. "बाबानू, तुमी तर ठणठणीत झालात! माझी काळजीच मिटली. आता मे महिन्यातच येतंय. आनि ती खोली तुमच्यासाठी ठेवली होती, ती माझ्या ऑफिसच्या कामाक घेतंय."

"घे रे घे," अण्णा म्हणाले. "माका कित्याक होई खोली?"

सगळे हसले. अण्णाही हसले. मी त्यांच्या बाजूलाच उभी होते म्हणून मला दिसलं, त्यांचा उजवा हात धोतराचा सोगा घट्ट धरून होता.

विसर्जन झालं, त्याच संध्याकाळी ओमकारची गाडी हायवेला लागली. दुसऱ्या दिवशी सकाळी मी परडी घेऊन खळ्यात उभी राहिले. कप्पीचा आवाज नाही. म्हटलं, दमले असतील. पुढच्या दिवशीही नाही. तिसऱ्या दिवशी मी गडग्याशी गेले. अण्णा खुर्चीत बसले होते. माटवी तशीच बांधलेली, टाळ सुकून गेलेले.

"काय ओ अण्णा, सुट्टी घेतल्यात?"

"आता कित्याक, बाई?" ते माझ्याकडे न बघता म्हणाले. "हात वर जाता. घरात रवलंय. जा होया होता ता झाला. आता हात वर करून दाखवू कोणाक?"

असं वाटलं की गडग्यावरून हात घालून गदागदा हलवावं यांना. पण काय सांगणार होते मी? की बरे झालात म्हणून मुलगा निश्चिंत झाला, आणि निश्चिंत झाला म्हणून आता तो मेपर्यंत येणार नाही? ते त्यांना माझ्याआधी कळलं होतं. ज्यासाठी एवढा हात वर केला तेच घर आता त्यांना खायला उठलं होतं. मी परत आले आणि दिवसभर मांजरावर खेकसत राहिले.

पुढे अण्णांनी डब्यातलं जेवण डाव्या हाताने खायला सुरुवात केली, उजवा मांडीवर टाकून. ते बघितलं आणि माझं डोकं फिरलं. महिनोन्‌महिने व्हय म्हाराजा म्हणून माझा घसा बसला, तो काय यासाठी?

दुसऱ्या दिवशी सकाळी मी परडी खाली ठेवली. गडग्याशी जाऊन उभी राहिले. आमच्या गावात बाईमाणसाने गाऱ्हाणं घातल्याचं कोणी ऐकलेलं नाही. म्हटलं, बघू दे कोण काय म्हणतं ते. मी माझा उजवा हात वर केला. खांद्यातून कळ गेली, पण मी तो डोक्यावर नेला.

"बा देवा म्हाराजा! आज ही तुळसा तुका गाऱ्हाणा घालता! हिचो खांदो धरलो हा, फुला काढूक हात वर जाणा नाय! हिच्या घरातसुद्धा कोण नाय म्हाराजा! सकाळी हिका कोणाचो तरी आवाज लागता! तो बंद करू नको रे म्हाराजा!"

आणि थांबले. अण्णांनी मान वळवून बघितलं. पण व्हय म्हटलं नाही.

मी हात खाली घेतला नाही. करार म्हणजे करार. खांदा पेटल्यासारखा झाला, बोटं थरथरायला लागली, डोळ्यांत पाणी आलं. दुखण्याने आलं की कशाने, मला सांगता येणार नाही. रस्त्याने जाणारी नर्मदा दूधवाली थांबून बघायला लागली. मी तिच्याकडे बघितलंच नाही.

खुर्ची सरकल्याचा आवाज आला.

"व्हय," अण्णा म्हणाले. आवाज बसलेला होता. खाकरून त्यांनी पुन्हा म्हटलं, या वेळी मोठ्याने, "व्हय म्हाराजा! आता हात खाली घेवा बाई. हात काय असो एकदम वर करतत? कोपरातून वाकवूचो नसता, इतक्या दिवसांत एवढा तरी शिकूचा होता!"

मी हात खाली घेतला आणि परडी उचलली. मागे पडवीत कप्पी करकरली.