फ्रिजमागची वीतभर जागा

लोहाऱ्यातल्या आमच्या दोन खोल्यांत वीतभर जागा रिकामी दिसली, की माझे हात शिवशिवतात. दसरा झाल्यावर मी कूलर गच्चीवर नेऊन ठेवला, पण त्याच्या खसच्या ताट्या पुढच्या उन्हाळ्यासाठी जपून स्वयंपाकघरात फ्रिजच्या मागे कोंबल्या. वर फ्रिजही मागे रेटून पक्का बसवला आणि स्वतःवरच खूश झालो.

आठवड्याभरात दूध नासायला लागलं. बायको म्हणाली, "अहो, हे भिंत तापून राह्यली." मी खेकसलो, "ऑक्टोबर आहे, भिंत तापनारच!" आणि फ्रिज विकणाऱ्या दुकानदाराशी कसं भांडायचं, याची मनात जुळवाजुळव करत बसलो.

तिनं मला न विचारता गल्लीतल्या फ्रिज दुरुस्त करणाऱ्या चाचांना बोलावलं. त्यांनी फ्रिज पुढं ओढला आणि एक ताटी बाहेर काढली. ती चांगलीच तापली होती आणि इतकी करकरीत वाळली होती, की त्यांच्या हातातच तिचा चुरा झाला.

"भाऊ, फ्रिज बिघडला नाही. त्याचा दम काहून घोटून राह्यले तुम्ही? यात एखादी ठिणगी पडली असती तं?"

मी केरसुणी आणून चुरा गोळा करायला लागलो.

आता फ्रिज वीतभर पुढं आहे, ताट्या गच्चीवर गेल्या आणि दूध टिकतं. चाचा येऊन गेले त्याच संध्याकाळी बायको पोळ्या लाटत असताना, तिचं लक्ष नाही असं पाहून मी हळूच भिंतीला हात लावला. भिंत गार होती. केवढं हायसं वाटलं!

"ऑक्टोबर सरला वाटते," ती पाठमोरीच म्हणाली.