मोटारीच्या कमानी आणि सासूबाईंचा डोळा

आमची मोटार सासूबाईंनी कधी नीट पाहिलीच नव्हती, पण तिला नावं ठेवायला त्यांना काही अडचण आली नाही. मोटार दारात आली तोवर त्यांचा एक डोळा साफ गेला होता आणि दुसऱ्यात मोतीबिंदू पिकत आला होता. "मोटार कसली, डबडं आहे. बसलं की आतड्याला पीळ पडतो," असं त्या आल्यागेल्याला सांगत. आणि खोटं नव्हतं ते.

आमचे हे कर्जतच्या कोर्टात वकिली करत आणि घर कशेळ्याला. रोजच्या टांग्याला कंटाळून ह्यांनी मुंबईच्या एका पारशाकडून ही छोटी, टपाची, चार हातांखालून गेलेली मोटार घेतली. ह्यांना तिचा कोण अभिमान! मला मात्र अभिमानापेक्षा चौकशा फार. हे कसं फिरतं, ते कशाला जोडलंय, खालून आवाज कसला येतो? "तुला मोटार चालवायची आहे का?" असं हे वैतागून विचारत. चालवायची नव्हती. फक्त कळायला हवं होतं.

त्या साली दिवाळी झाल्यावर सासूबाईंचा तो उरलेला डोळा पुण्याला कापला. तेव्हा आजच्यासारखं नव्हतं. डोळा कापला की माणसाला उताणं निजवून डोक्याच्या दोन्ही बाजूंना वाळूच्या पिशव्या लावून ठेवत. तीन आठवडे झाल्यावर डॉक्टरांनी घरी न्यायची परवानगी दिली, पण ह्यांना बाजूला घेऊन बजावलं, "चाळीस दिवस होईपर्यंत मानेला हिसका बसता कामा नये. बसला तर हाही डोळा गेला म्हणून समजा."

पुण्याहून कर्जतपर्यंत आगगाडी होती. प्रश्न पुढच्या सात-आठ मैलांचा होता. रस्ता म्हणजे नुसते गोटे. बैलगाडीचं नावच काढायला नको. कुणी म्हणालं, डोलीतून आणा. तो निरोप पुण्याला गेला तेव्हा सासूबाईंनी उलट निरोप धाडला, "मी अजून मेले नाही. चौघांच्या खांद्यावरून यायची वेळ आली की येईनच." पुण्याला ज्या नातलगांकडे उतरल्या होत्या तिथे आणखी राहायलाही त्या तयार नव्हत्या. राहता राहिली मोटार, आणि तिचं बूड दर दगडाला आपटत होतं.

मी पदर खोचून खाली वाकून पाहिलं. मोटारीच्या बुडाशी लोखंडी पाटे असतात, एकावर एक रचलेले. वरचा सगळ्यांत लांब, खालचे आखूड होत गेलेले. ते सगळे मिळून कमान होते आणि त्या कमानीवर मोटार तोललेली असते. आमच्या मागच्या दोन्ही कमानी बसून पार सपाट झाल्या होत्या, आणि एकीतला एक पाटा तर चक्क तुटला होता. "अहो, ही मोटार कमानीवर नाही, नशिबावर चाललीय," मी म्हणाले. हे हसले नाहीत.

कर्जतच्या वाटेवर कडावला रस्त्यालगत एक लोहार होता. बैलगाडीच्या चाकाला लोखंडी धाव चढवण्यात त्याचा हात धरणारा कुणी नव्हता, आणि कर्जत स्टेशनावरच्या टांग्यांच्या कमानीही तोच नीट करी. मोटार मात्र त्याने कधी हाताळली नव्हती. त्याने गाडीभोवती दोन फेऱ्या मारल्या आणि विचारलं, "किती मानसं बसतात हिच्यात?"

"पाच!" हे छाती काढून म्हणाले.

"मंग पाच मानसांचं पाट करतो."

दोन दिवस काम चाललं होतं आणि मी दोन्ही दिवस काहीतरी निमित्त काढून तिथे जाऊन बसले. त्याने सगळे पाटे सुटे केले, लाल तापवून पुन्हा वाकवले, करंजाच्या तेलात बुडवले. तुटक्या पाट्याच्या जागी मोडलेल्या टांग्याचा पाटा कापून बसवला आणि दोन्हीकडे एकेक जास्तीचा घातला. मी दर घटकेला काहीतरी विचारत होते. "तेलच का? पाण्यात का नाही?" शेवटी त्याची बायको म्हणाली, "वैनी, तुमी भट्टीच घ्या आता चालवाया."

काम झाल्यावर ह्यांनी मोटार चालू केली तर लोहार आडवा. "भरायला काय आनलं नाय? आमच्या भट्टीवरून गाडी रिकामी जात नाय, धनी. भरून जाते."

"ही काय बैलगाडी आहे?"

"गाडी ती गाडी."

ह्यांनी काही आणलं नव्हतं. मळणीचे दिवस होते, त्याच्याकडे बलुत्याचं भात नुकतंच आलं होतं. त्याने आपलीच दोन पोती मागे चढवली आणि म्हणाला, घरी जाऊन मग पाठवा परत. मग तो खाली वाकला आणि पाटा नि त्याच्या वरचं लोखंड यांच्यामध्ये चार बोटं आडवी घालून पाहिली. "बसलंय बरोबर," म्हणाला. आता वकिलाच्या मोटारीत भाताची पोती म्हणजे काय! हे तांबडेलाल झाले होते. वळण ओलांडताच ह्यांनी एका दुकानापाशी मोटार थांबवली, पोती उतरवून लोहाराकडे पोचती करायला सांगितली आणि म्हणाले, "अडाण्यांची थेरं सगळी."

त्यानंतर कशेळ्यापर्यंत आम्ही फुटाण्यासारखे उडत आलो.

आधी बूड आपटत होतं, आता बूड आपटत नव्हतं, पण प्रत्येक खड्ड्याला मोटार टुणकन उडी मारत होती. "वाट लावली त्याने गाडीची!" हे ओरडले. सासूबाई यायला सहा दिवस उरले होते. मला रडू आलं, आणि रडताना रागही आला. मऊ होती तेव्हा आपटायची, ताठ केली तर उडते. मग ह्या दोहोंच्या मधलं बरोबर कुठे असतं?

दुसऱ्या दिवशी मी एक पितळी पातेलं पाण्याने काठोकाठ भरून मांडीवर घेतलं आणि मागे जाऊन बसले.

"हे काय नवीन खूळ?"

"हे पाणी म्हणजे सासूबाईंचं डोकं समजा," मी म्हणाले. "आता चालवा."

कडाव यायच्या आत निम्मं डोकं माझ्या लुगड्यावर सांडलं. ह्यांनी मोटार तशीच कर्जतपर्यंत नेली. परत येताना मी कर्जतला पातेलं पुन्हा भरून घेतलं. त्या दिवशी ह्यांचे दोन अशील कडावपर्यंत येतो म्हणून बसले, चांगले अंगापिंडाने भरलेले. मी एका कोपऱ्यात चेपून, मांडीवर पातेलं. त्यांना काय वाटलं असेल देव जाणे! पण पाणी हललं नाही. म्हणजे हललं, काठाशी डुचमळलं, पण सांडलं नाही. मला वाटलं रस्ताच बरा असेल. कडावला ते दोघे उतरले, मोटार निघाली आणि शंभर पावलांत पाणी माझ्या पोटावर आलं.

"थांबवा!" मी अशी ओरडले की ह्यांनी गचकन ब्रेक लावला आणि उरलंसुरलं पाणीही गेलं.

"काय झालं?"

"दोन माणसं उतरली. दोन पोती उतरवली होती. अहो, मागे वळवा."

लोहार ऐरणीवर विळा ठोकत होता. माझं ओलं लुगडं, रिकामं पातेलं आणि ह्यांचं तोंड बघून तो आधी पोट धरून हसला. मग म्हणाला, "मंग पोती कशाला उतरवली? तुमी पाच मानसं बोललात, मी पाचांच्या भाराला पाट वळवलं. रिकाम्या गाडीला पाट दबतच नाय, वैनी."

"आणि ती भरून न्यायची रीत?"

"आजा सांगायचा. भरली की कळतं ना पाट कुठवर बसतो त्ये. चार बोटं उरली पायजेत. नाय उरली तर पुन्ना भट्टीत."

म्हणजे ज्याला हे थेर म्हणत होते ती त्याची परीक्षा होती! मी ह्यांच्याकडे पाहिलं. असं पाहिलं की तेच म्हणाले, "पोती द्या बाबा ती."

सासूबाईंना कर्जत स्टेशनावरून आणायच्या दिवशी मोटारीची मागची बैठक काढून टाकली, तिथे दोन्ही पोती आडवी घातली, वर गादी. हे पुढे, मी मागे, सासूबाई आणि दोन पोती. झाले पाच. सासूबाई मुळात चिमणीएवढ्या. डोळ्यांवर पट्टी. मी त्यांचं डोकं दोन्ही हातांत धरून बसले होते. लग्नाला सोळा वर्षं झाली होती, पण त्यांच्या कपाळाला माझा हात त्याआधी कधी लागला नव्हता.

"खाली काय टोचतंय गं?"

"भात आहे."

"मला भातावर घातलंस? माहेरी हेच शिकलीस का?"

"हलू नका. मग बोला काय बोलायचं ते."

त्यांनी मान ताठ धरली. घाबरल्या होत्या, हे मला हातांना कळत होतं. कडावला लोहार रस्त्यात उभा होता. त्याने आम्हाला रामराम केला नाही, सरळ खाली वाकून चार बोटं घातली आणि "जावा" म्हणाला. पुढच्या ओढ्यात मोटार उतरली तेव्हा मी कोपरं गादीत रोवली. ती खाली गेली, वर आली, एकदा डुलली आणि थांबली. सासूबाईंचं डोकं माझ्या हातांत होतं तसंच होतं.

चाळीस दिवस भरले. पट्टी निघाली, पुण्याहून जाड भिंगांचा चष्मा आला. दुपारची वेळ होती, घरातले सगळे माजघरात जमले. हे अगदी समोर जाऊन बसले होते, आईने पहिलं आपल्याला बघावं म्हणून. सासूबाईंनी चष्मा लावला, ह्यांच्याकडे बघून नुसती मान हलवली आणि मग दाराशी उभ्या असलेल्या माझ्याकडे पाहत राहिल्या. इतका वेळ, की मला वाटलं आता काय चुकलं माझं!

"इकडे ये," त्या म्हणाल्या. मी जवळ गेले तर त्यांनी माझ्या कपाळावरचे केस बोटांनी मागे सारले.

"पिकले की गं तुझे केस," त्या म्हणाल्या. "आणि मला कुणी सांगितलं नाही."