थांब, म्हणालो मी त्याला

पुण्यातल्या एका मॅनेजमेंट कॉलेजात मी शिकवते. विषयाचं नाव स्टेकहोल्डर मॅनेजमेंट. एखाद्या निर्णयाची झळ कोणाकोणाला लागणार ते आधी ओळखायचं आणि त्या माणसांशी नीट बोलायचं, एवढाच त्याचा अर्थ. मुलं फळ्यावर चार चौकोन आखतात आणि माणसं त्यांत वाटून टाकतात. ते सगळ्यांना जमतं. समोर बसलेल्या माणसाशी बोलायची वेळ आली की तीच मुलं अडखळतात. म्हणून दरवर्षी मी वर्गात एक प्रसंग करून घेते. कारखाना बंद होणार आहे, आणि ते कामगारांच्या प्रतिनिधीला सांगायचं आहे.

दोन वर्षांपूर्वी त्या प्रतिनिधीच्या खुर्चीत मी माझ्या वडिलांना बसवलं.

त्यांची उमेदीची सगळी वर्षं हडपसरच्या एका कारखान्यात गेली. मी नववीत असताना तो बंद पडला. तिथे ते युनियनचे प्रतिनिधी होते, एवढं मला माहीत होतं. त्यापुढचं काही नाही, कारण घरात तो विषय निघत नसे. आई गेल्यापासून ते माझ्याकडे धायरीला राहत. पेपर दोनदा वाचून झाला तरी दिवस उरायचा. खऱ्या कामगाराशी बोलताना मुलांचा कस लागेल आणि यांचाही वेळ जाईल, असा मी विचार केला.

"मी काय बोलायचं?" त्यांनी विचारलं.

"तेव्हा जे बोलला असाल, तेच."

ते कडक इस्त्रीचा शर्ट घालून आले.

प्रसंगात साहेब झालेला मुलगा यवतमाळकडचा, वर्गातला सगळ्यांत तयारीचा. त्याने उठून नमस्कार केला, पाणी पुढे केलं, शांत आवाजात निर्णय सांगितला. शेवटी म्हणाला, "काका, तुमच्या शब्दाला मान आहे. तुम्ही सांगितलंत तर लोक समजून घेतील."

मी त्याला मनातल्या मनात पैकीच्या पैकी गुण दिले. ते वाक्य मीच शिकवलं होतं.

वडिलांनी पाण्याचा ग्लास हातात घेतला. मग म्हणाले, "आणि नाही घेतलं समजून, तर?"

"तर... आम्ही आहोतच ना, काका."

"तुम्ही नसता हो. तुम्ही दुसऱ्या कंपनीत जाता. मी त्याच गल्लीत राहतो."

मागच्या बाकावर कोणीतरी हसलं. त्यांना तो पुणेरी टोमणा वाटला असावा. पण वडिलांनी पाणी न पिताच ग्लास खाली ठेवला. मुलगा गोंधळून माझ्याकडे बघायला लागला. मी म्हणाले, "इथेच थांबू या."

घरी जाताना रिक्षात ते आपणहून बोलले. कारखान्याला टाळं लागणार हे त्यांना पंधरा दिवस आधी कळलं होतं. साहेबांनी खुर्ची दिली, चहा दिला आणि म्हणाले, इतक्यात कोणाला सांगू नका, गडबड झाली तर सगळ्यांचंच नुकसान. वडिलांना ते पटलं. त्याच पंधरा दिवसांत शेजारच्या मशीनवरच्या त्यांच्या मित्राला दुसरीकडे काम मिळत होतं. त्याने विचारलं, "जाऊ का रे?"

"थांब, म्हणालो मी त्याला," वडील म्हणाले. "जा म्हटलं असतं, तर त्याला कळलं असतं."

त्या मित्राला पुन्हा तसं काम मिळालं नाही. माझ्या लहानपणी तो काका रोज आमच्याकडे यायचा आणि मग एकदम येईनासा झाला. मोठ्यांचं काहीतरी बिनसलं असेल, असं मी समजत आले होते.

पुढच्या रविवारी वडील म्हणाले, "बिबवेवाडीला जाऊन येऊ. तो मुलाकडे असतो." दार सुनेने उघडलं. वडिलांनी नाव सांगितलं. ती आत गेली, परत आली. "बाबा म्हणतात, आज नको."

"बरं. मग कधी येऊ, विचारता का जरा?"

ती पुन्हा आत गेली. बाहेर आली तेव्हा तिच्या हातात पाण्याचे दोन ग्लास होते. "काही बोलत नाहीत हो," ती ओशाळून म्हणाली. वडिलांनी पाणी पिऊन घेतलं, ग्लास तिच्या हातात दिला आणि जिन्याचा कठडा धरून एकेक पायरी उतरले. नंतर त्यांनी तिथे जायचं नाव काढलं नाही.

तो मुलगा मला कॉलेजात भेटायला आला. "मॅडम, माझं काय चुकलं?"

"तुझं नाही. मी चुकीचं शिकवलं," मी म्हणाले. त्याला ते पटलेलं दिसलं नाही. आता मी ते वाक्य शिकवत नाही. त्याच्या जागी काय शिकवायचं, ते अजून मला सापडलेलं नाही.

गेल्या वर्षी वडील गेले. शेवटचे दोन महिने फार वाईट होते. ते गेल्यावर मी बिबवेवाडीला निरोप धाडला. तिकडून कोणी आलं नाही. दहाव्या दिवशी त्या सुनेचा फोन आला. "बाबांनी दोन दिवस ताटाला हात लावला नाही," ती म्हणाली. मग आवाज खाली आणून, "ते इथेच बसलेत. विचारतायत, शेवटी त्याला फार त्रास झाला का?"

"नाही," मी म्हणाले. "झोपेतच गेले, म्हणून सांगा."