आत्यानं खाल्लेले धपाटे

आमच्या अख्ख्या गल्लीत विवियन नावाची एकच मुलगी होती, आणि ती मी. ना आम्ही ख्रिस्ती, ना साहेबाघरचे. वडील नागपूरच्या गांधीबागेत लुगडी विकायचे. शाळेत नव्या बाई आल्या की हजेरी घेताना माझ्यापाशी अडखळायच्या, मग सगळा वर्ग मागे वळून बघायचा. माझं डोकं फिरायचं. मॅट्रिकच्या फॉर्मवर जे नाव जाईल ते जन्मभर राहील, असं कळलं तेव्हा मी ठरवलं, हे लचांड इथंच संपवायचं.

वडील म्हणाले, "नाव तुह्या आत्यानं ठेवलं. तिलेच विचार."

रविवारी मी बसनं कामठी गाठली. आत्या गहू निवडत होती. मी चप्पल काढता काढताच भांडायला लागले, "आत्या, तुले दुसरं नावच नाही सापडलं का?"

आत्या हातातलं सूप खाली ठेवून म्हणाली, "तू जन्मली तं रडलीच नाही. निळी पडली होती. आम्ही तं आशाच सोडली. मिशन दवाखान्यातल्या सिस्टरनं तुले उलटं धरलं अन् रडेपर्यंत पाठीवर चापट्या मारल्या. तिचं नाव विवियन. अर्थ पुसला तं म्हणे, लॅटिन भाषेतलं हाय. जिवंत."

हे मला कोणी सांगितलंच नव्हतं. ते अभद्र माझ्या कानावर घालायचं नाही, अशी आईनं सगळ्यांना शपथ घातली होती म्हणे.

घरात नाव ठरलं होतं धोंडी. असं पोर वाचलं की त्याला दगडाधोंड्याचं नाव द्यायचं, म्हणजे काळाची नजर पडत नाही. पण बारशाला आत्यानं माझ्या कानात कुर्र केलं आणि ठरलेलं सोडून सिस्टरचं नाव सांगून मोकळी झाली. कुर्र करताना आत्याच्या पाठीत बायका गमतीनं धपाटे घालतातच. त्या दिवशी आजीच्या धपाट्यांत गंमत नव्हती.

"चार दिवस पाठ शेकली मी," आत्या हसत म्हणाली. "पण पोरगी जिवंत हाय, तं लपवाचं काहून?"

मी खाली बसले आणि सुपातले खडे वेचायला लागले.

"बदलाचं तं बदल वं," ती माझ्याकडे पाठ करून बसली, "पण नवं नावही मीच ठेवीन. जमव बायका."

मी तिच्या पाठीवर हात ठेवला. धपाटा काही घालवेना, डोळेच भरून आले.

फॉर्म तसाच भरला. पुढे हजेरीला बाई अडखळल्या की त्यांनी माझं नाव पुरतं घेण्याआधीच मी खणखणीत आवाजात सांगायचे, "हजर."