आडी महिन्यात दारासमोर तंबू

हातातला कॉफीचा डवरा, ती पसरट वाटी, आधी खाली ठेवा. हा प्रसंग मागे एकदा सांगितला तेव्हा एका मित्राच्या नाकातून कॉफी बाहेर आली आणि दोष मात्र मला मिळाला. मी सावध स्वभावाचा मनुष्य आहे. म्हणून सूचना प्रथम, गाढवपणा नंतर.

आता मला सांगा, परक्या देशातल्या डोंगरात शिकाऱ्यांबरोबर राहायचे असेल, तर पाठीवर वाहून न्यायचा तंबू निवडताना माणसाने कशाकशाचा विचार करावा? वजनाचा? केला. वाऱ्याचा? केला. रात्रभर श्वासाची वाफ कापडाला लागते आणि पहाटे तिचे थेंब नाकावर पडतात, त्या थेंबांचासुद्धा केला! फक्त पंचांगाचा केला नाही. आणि तिथेच मी मेलो. शब्दशः मेलो!

पण क्रमाने सांगतो.

मी मुरली. तंजावूरला राजवाड्यामागच्या गल्लीत आमचे घर. घरात आम्ही तिघे: मी, अम्मा आणि नव्वदीला टेकलेले ताता, म्हणजे माझे आजोबा. ते पापनाशमला स्टेशनमास्तर होते, म्हणून सारी गल्ली त्यांना 'स्टेशन ताता' म्हणते. घरी आम्ही आमची तंजावरी मराठी बोलतो. ही जी इस्त्री केलेली मराठी तुम्ही वाचता आहात, ती मी पुस्तकांतून शिकलो. कुठे घडी मोडली तर सांभाळून घ्या.

प्राणिशास्त्रात एम.एस्सी. करताना माझा विषय होता वरैयाडु, म्हणजे निलगिरीच्या कड्यांवर राहणारी रानबकरी. तिची एक हिमालयातली चुलतबहीण कोणे एके काळी न्यूझीलंडच्या डोंगरांत नेऊन सोडण्यात आली. तिथे ती इतकी माजली, की तिची शिकार करणे हे तिकडे कायदेशीर तर आहेच, वर पुण्याचेही समजतात. तिथल्या एका संशोधनगटाने मला एका हंगामासाठी बोलावले. शिकाऱ्यांनी टिपलेल्या जनावरांचे वय, वजन, पोटातला चारा, हे मी तपासायचे.

जागा दोन होत्या. एक डोंगरावर, शिकाऱ्यांच्या तळावर. दुसरी खाली प्रयोगशाळेत, शिंगांवरची वळी मोजत. डोंगरावर कोण जाणार हे ठरवायचा अधिकार डंकनचा. डंकन म्हणजे त्या तळाचा म्होरक्या, पांढऱ्या दाढीचा जुना शिकारी. त्याची अट सरळ होती. "तंबू तू स्वतः निवड, स्वतः ठोक आणि व्हिडिओ कॉलवर मला दाखव. वाऱ्यात उभा राहिला तर तू डोंगरावर. आडवा झाला तर तू शिंगे मोज."

मला शिंगे मोजायची नव्हती हो! इतकी वर्षे मी ती बकरी दुर्बिणीतून पाहत आलो. निदान तिची बहीण चालते त्या उंचीवर एकदा जाऊन, ती श्वास घेते ती हवा आपणही घ्यावी, एवढीच माझी इच्छा होती.

झाले, मी अभ्यासाला लागलो. एकेरी कापडाचा तंबू हलका, पण आत दव. दुहेरी कापडाचा कोरडा, पण जड. स्वतःच्या कमानींवर उभा राहणारा सोयीचा, पण जोराच्या वाऱ्यात त्यालाही खुंट्या हव्याच. दारापुढच्या पडवीत बंदूक, बूट आणि सॅक मावली पाहिजे. आणि रंग? रंगाने माझी झोप उडवली! नारिंगी रंग वाचवायला येणाऱ्या माणसांना लांबून दिसतो. निळा बकऱ्यांना दिसतो. हिरवा गवतात हरवतो, पण वर त्या उंचीवर गवत कुठे असते? शेवटी मी राखाडी झाक असलेला पांढरा निवडला. खडकांत मिसळेल, बर्फातही मिसळेल. तो आणखी कशाकशात मिसळू शकतो, हा प्रश्न माझ्या अभ्यासक्रमात नव्हता.

"अजून झालं नाहीं?" अम्मा रोज विचारी. "छत्री घेतांना हीच कथा. तू निवडीपर्यंत पाऊस येऊन गेला."

"अम्मा, चुकीचा तंबू घेतला तर माणूस गारठून मरतो."

"आणि बरोबर घेतला तर?"

मी तंबूंची यादी पुन्हा पहिल्यापासून वाचायला घेतली.

तातांना मात्र खरे कुतूहल. "तंबू मणजे डेराच की रे?" ते म्हणाले. "आपले लोक पूर्वी डेरे घेऊन इकडे आले. ठोकले. मग काढायाचे विसरले. तू तेवढा काढून परत ये."

तंबू आला तेव्हा आडी हा तमिळ महिना, म्हणजे साधारण आपला आषाढ, चालू होता. आडीत आमच्याकडे असा वारा सुटतो, की दोरीवरची लुगडी पुढच्या गल्लीत सापडतात. मला तर आनंदच झाला. परीक्षेला इतका उत्तम वारा, आणि दारात! डंकनने रविवार सकाळची वेळ दिली.

आता ठोकायचा कुठे? गच्चीवर सिमेंट. परसात विहीर, नारळ आणि धुण्याचा दगड. माती शिल्लक होती ती एकाच ठिकाणी: आमची तिण्णै, म्हणजे बाहेरचा ओटा, आणि रस्ता यांच्यामधली पट्टी. अम्मा सकाळी जिथे कोलम, म्हणजे रांगोळी, काढते, ती. मी कोलम न मोडता शेजारी तंबू उभा केला. वाऱ्याकडे निमुळती बाजू करायची असते, त्या नियमाने माझी उशी दक्षिणेला आली. त्यात मला काही गैर दिसले नाही.

सगळ्या खुंट्या मातीत गेल्या, एक सोडून. पडवी ज्या दोरीने ताणायची, नेमका तिच्या जागी पायरीचा दगड! डंकन तर फोनवर आला होता. फोन मी तिण्णैवर उभा करून ठेवला होता आणि त्याला सारा तंबू दिसत होता. मी वेगाने विचार केला, जे मी एरवी करत नाही. ती दोरी मी माझ्या दोन्ही पायांच्या अंगठ्यांना एकत्र बांधली, आत बसून दाराची चेन गुडघ्यांपर्यंत खाली ओढली, पावले बाहेर ठेवली आणि उताणा होऊन पाय ताठ केले. पडवी ढोलासारखी ताणली गेली!

चेन ओढताना तिने माझी वेष्टी चावली होती. रविवार म्हणून नेसलेली, लुंगीसारखी पांढरी स्वच्छ वेष्टी. ते नंतर पाहू, असे मी ठरवले.

"छान," कानातल्या यंत्रातून डंकन बोलला. "आता गप्प पडून राहा. अजिबात हलू नकोस. वाऱ्यात कापड कसा आवाज करते ते ऐक. मी सांगेन तेव्हा उठ."

मी डोळे मिटले.

आता हे चित्र तुम्ही रस्त्यावरून पाहा. आमच्या गावात दारासमोर कापड उभे राहिले, की त्याचे दोनच अर्थ होतात. लग्न, नाहीतर मयत. आणि आडी महिन्यात आमच्याकडे लग्ने लागत नाहीत. पांढरे कापड, पांढरी वेष्टी, डोके दक्षिणेला आणि दोन्ही पायांचे अंगठे एकत्र बांधलेले. आमच्याकडे प्रेत अगदी असेच ठेवतात. आता आणखी काय लिहून लावायचे बाकी होते?

समोरच्या कोमळा मामी दूध घेऊन परतत होत्या. दुधाची पिशवी पडल्याचा आवाज मला ऐकू आला.

"अय्यो! स्टेशन ताता!"

गल्ली जमायला किती वेळ लागतो? आत अम्माचा ग्राइंडर घरघरत होता, ताता परसात आंघोळीला गेलेले. सांगणारे कोणीच नाही. चपला काढल्याचे आवाज आले, मग मुसमुस, मग चर्चा.

"कधी गेले?"

"रात्रीच असणार. काल संध्याकाळी मजकडून पेपर वाचायाला नेला."

"परत दिला?"

"कोठे दिला!"

तेवढ्यात सेल्वम अण्णा पोहोचले. गल्लीतले सगळे मांडव त्यांचे. ते तमिळच बोलतात, मी मराठीत सांगतो. हातात हार आणि आवाजात दुःखापेक्षा अपमान जास्त. "या घरची सगळी कार्यं माझ्याकडून. आणि आता हे कोणाकडून आणलं? एवढे मोठे पेरियवर, घरचे वडीलधारे, त्यांना एवढासा मांडव? बघा, पाय बाहेर राहिले!"

मी आत काय करत होतो? तुम्ही म्हणाल, ओरडायचे की! पण ओरडलो तर डंकनच्या लेखी मी हललो. उठलो तर दोरी सैल आणि तंबू आडवा, म्हणजे शिंगे. शिवाय वेष्टी चेनच्या दातांत. सावध माणूस अशा वेळी काय करील? परीक्षा आधी पुरी करील. खुलासा काय, नंतरही करता येतो.

इतक्यात दार वाजले.

"कोण गेलं?" तातांचा आवाज.

मग कोमळा मामी, अगदी बारीक आवाजात, "ताता, तुम्ही... आहां?"

"आहें की. दारामागून अस्कं ऐकत होतों. कोमळे, तुझा पेपर खिडकींत आहे. घेऊन जा."

मला हायसे वाटले. आता ताता सारे समजावून सांगतील! पण मामींचे गणित पुढे गेले होते. "ताता इकडे. आंत ग्राइंडर चालू, मणजे अम्मा आंत. मग हे..."

सगळ्यांच्या नजरा माझ्या तळपायांवर आल्याचे मला कातडीला कळले.

"मुरली!"

आणि ताता? ताता तिण्णैवर बसले, खाकरले आणि म्हणाले, "हं. मजबद्दल झालं. आतां त्याच्याबद्दल बोला."

"पावम, बिचारे!" कोणीतरी हुंदका दिला. "धक्का बसलाय त्यांना."

मग सुरू झाली माझी स्तुती.

"सोन्यासारखा पोरगा. रस्ता ओलांडायला उभा राहिला की आपण बाजार करून परत येईपर्यंत तिथेच."

"मेदुवड्याचं भोक मधोमध आहे की नाहीं बघून मग खायाचा."

"आमच्या सुमतीसाठी विचारायाचं मनांत होतं," कोमळा मामी म्हणाल्या. "नाहीं विचारलं तेच बरं. विचार करून सांगतों, मणाला असता. तिची साठी झाली असती."

"इतकं सांभाळून राहायचा हो," सेल्वम अण्णा म्हणाले. "काय उपयोग झाला?"

आत पडल्या पडल्या मला हा प्रश्न फार मूलभूत वाटला.

ग्राइंडर थांबला. अम्मा पिठाच्या हातांनी बाहेर आली. तिने गर्दीकडे पाहिले, तंबूकडे पाहिले आणि नेहमीच्या सुरात म्हणाली, "मुरली, ऊठ. दोशे गार होतात."

त्यासरशी सारी गल्ली गदगदली! "अय्यो, हिला कोणीतरी सांगा!" मामींनी तिला कवटाळले.

"काय सांगा? पहाटेपासून ह्याचंच चाललंय. हांक मारली तर उठत नाहीं."

"नाहीं उठणार गे आतां, नाहीं उठणार!"

"कां नाहीं उठणार? वर तूप सोडलंय!"

याच क्षणी सेल्वम अण्णांनी पुढे होऊन हार माझ्या पायांवर ठेवला.

माझे तळवे भयंकर गुदगुल्यांचे आहेत. हे मी तंबू निवडताना विचारात घेतले नव्हते. जाईच्या त्या ओल्या पाकळ्या टेकल्या मात्र, माझे दोन्ही गुडघे छातीशी आले! दोरी सैल पडली. आडीचा वारा जणू रांगेतच उभा होता. तो कापडाखालून आत शिरला. अंगठ्यांवरची दोरी निसटली, खुंट्या एकामागून एक उपटल्या गेल्या, तंबू माझ्या अंगावरून फुग्यासारखा उठला आणि राजवाड्याच्या दिशेने निघाला. चेनच्या दातांत माझी वेष्टी होती. तीही गेली.

मागे उरलो मी. रेघांच्या चड्डीत, कानात यंत्र, गळ्यात नाही पण पायांत हार.

"थांबा!" मी हात वर करून ओरडलो. "मी जिवंत आहे!"

कोण थांबतो? इतके मयत पाहिलेले सेल्वम अण्णा सगळ्यांच्या आधी भिंतीवर चढले. कोमळा मामी आमच्याच घरात शिरल्या आणि आतून कडी लावून घेतली. जागेवर राहिले ते फक्त ताता. त्यांचे खांदे गदगदत होते, रडण्याने नव्हे.

आणि मग मला फोन आठवला. डंकन! मी तिण्णैकडे धावलो. पडद्यावर तो डोक्यावरची टोपी छातीशी धरून गंभीरपणे उभा होता.

"हे सगळे लोक तुला निरोप द्यायला आले होते?" त्याने विचारले.

मी विचार केला. खोटे बोलणे मला जमत नाही. "एका अर्थी, हो."

त्याने मान खाली घातली. शिंगे, मी मनात म्हटले. संपले. आता जन्मभर शिंगे!

"ऐक," तो म्हणाला. "मी नव्या शिकाऱ्यांना एकच गोष्ट शिकवत आलो आहे. सारा कळप अंगाला येऊन भिडला तरी हलायचे नाही. कोणालाही जमत नाही. तुझ्याभोवती अख्खा गाव गोळा झाला, रडला, भांडला, आणि तू बोटसुद्धा हलवले नाहीस. तू डोंगरावर ये."

मी विचारले, "आणि तंबू? तो राखाडी झाकेचा, दुहेरी कापडाचा..."

"तो आडवा झाला. शिवाय तुमच्या गल्लीची माती लागली आहे त्याला. परदेशी मातीचा कण दिसला तरी इथल्या विमानतळावर अडवतात. तंबू आमच्याकडे खोलीभर पडून आहेत, कोणताही घे." त्याने टोपी डोक्यावर ठेवली. "तू येताना फक्त एक पट्टा घेऊन ये. कमरेचा."

तर मंडळी, सध्या मी पट्ट्यांचा अभ्यास करतो आहे. चामड्याचा भिजला की जड होतो. कापडी लवकर वाळतो, पण त्याचे बकल थंडीत तडकते का, याबद्दल मते वेगवेगळी आहेत. रंगाचे अजून काहीच ठरलेले नाही.

अम्मा म्हणते, नाडी बांध आणि जा.

विचार करून सांगतो, असे मी तिला म्हटले आहे.