पांढऱ्या दोऱ्याचा सांधा

मास्तरांच्या मुलीचा फोन आला तेव्हा थोरल्याने पत्ता दोनदा विचारला. त्या घरात पाऊल टाकून त्याला चोवीस वर्षं झाली होती.

नळकाम करणाऱ्या दोघा भावांतला हा थोरला. धाकटा जाऊन तीन वर्षं झाली होती. मास्तरांचं घर उभं राहत होतं तेव्हा जमिनीखालचे सगळे पाइप या दोघांनीच टाकले आणि वरून काँक्रीटचा जाड थर पडला. सांध्याला काय गुंडाळायचं यावरून दोघांची रोज जुंपायची. थोरला ताग वापरायचा, वडिलांनी शिकवलं तसा. धाकटा हट्टाने पांढरा सुती दोरा घ्यायचा, त्याला सफेद्याचा पांढरा लेप लावायचा आणि एकेक वेढा नखाने दाबत बसायचा. पाइप जोडतोयस की सदऱ्याला काज करतोयस, असं म्हणून थोरला त्याची टर उडवायचा. धाकटा हसायचा, पण दोरा काही सोडायचा नाही.

दोनच वर्षांत मास्तरांच्या दिवाणखान्याची जमीन ओली होऊ लागली. मास्तरांचा पारा चढला. नवीकोरी फरशी फोडू द्यायला ते तयार नव्हते, पण चूक कुणाची हे त्यांना तिथल्या तिथे हवं होतं. त्यांनी दोघांना समोर उभं केलं. एका मोठ्या इमारतीचं काम तेव्हा थोरल्याच्या हाती येऊ घातलं होतं आणि ते मास्तरांच्याच शब्दावर अडलं होतं.

"ती बाजू धाकट्याची," तो म्हणून गेला.

आपल्याला खरंच तसं वाटलं होतं का, हे पुढे त्याला स्वतःलाही कधी नीट सांगता आलं नाही. धाकट्याने त्याच्याकडे नुसतं पाहिलं. मग जमिनीखालची ती लाइन बंद करून भिंतीवरून नवी फिरवली, आणि फरशी फोडायची वेळ आलीच नाही. धाकट्याचं नाव मात्र खराब झालं ते झालंच. सामानाच्या दुकानावर जमणारे मिस्त्री त्याला 'गळका' म्हणू लागले. लोक काम द्यायला कचरू लागले. वर्षभराने त्याने पाना विकला आणि एका शीतगृहात पहारेकरी म्हणून लागला. पुढे भाऊ भेटायचे ते कुणाच्या तरी लग्नात, दोन शब्द तब्येतीचे बोलून वेगळ्या पंगतीला बसायचे. धाकट्याच्या छातीने दगा दिला तेव्हा थोरला उशाशी जाऊन बसला होता. डॉक्टर चांगले आहेत का, एवढं विचारून उठला होता.

आता त्या घरात सगळे नळ बंद असतानाही मीटरचा काटा फिरत होता. मास्तर अंथरुणाला खिळलेले. मुलीलाही ओळखत नव्हते. थोरल्याने लोखंडी सळई जमिनीला टेकवली, दुसऱ्या टोकाला कान लावला आणि खोलीभर गुडघ्यांवर सरकत गेला. स्वयंपाकघराच्या उंबऱ्याशी बारीक सूं सूं आवाज लागला. तिथे छिन्नी धरली. दुपारपर्यंत काँक्रीट फुटलं, खालची चिखल झालेली माती निघाली आणि गंजून सुईएवढं भोक पडलेलं वळण हाताला लागलं. गळती ती. धाकट्याशी तिचा काही संबंध नव्हता.

तिथून हातभर अंतरावर दिवाणखान्यात ती बंद केलेली जुनी लाइन होती. गळती तर सापडली होती, तेवढी दुरुस्त करून त्याला उठता आलं असतं. तो खड्ड्यात पाय सोडून बसला. मग मुलीला विचारलं, अजून एक फरशी काढली तर चालेल का? ती म्हणाली, नाहीतरी सगळीच बदलायची आहे, काढा.

माती त्याने हातानेच उकरली. दोन सांधे दिसले. एकावर पांढरा दोरा होता, दगडासारखा घट्ट झालेला, वेढ्याला वेढा लागून. दुसऱ्यावरचा ताग कुजून काळा पडला होता आणि त्याच्या खाली, पाण्याने माती वाहून नेल्याने, मूठ मावेल एवढी पोकळी झाली होती.

त्याने त्या पोकळीत हात घातला. मुलीने चहा आणला तेव्हा डोळ्यांत सिमेंट गेलं म्हणाला. मग नवं वळण बसवलं, पाणी सोडून तासभर पाहिलं, खड्डा बुजवला.

तिथून तो घरी गेला नाही, भावजयीकडे गेला. ती लोकांचे कपडे शिवते. तो दारातच उभा राहिला आणि म्हणाला, "मास्तरांकडचा तो सांधा माझा होता."

तिने मशीन थांबवलं. "ह्यांना माहीत होतं. त्याच दिवशी घरी येऊन म्हणाले होते, दादाचा ताग सुटलाय."

"मग बोलला का नाही?"

"तुम्ही विचाराल म्हणून थांबले होते," ती म्हणाली. "वर्षभर. मग पाना विकला."

तिने पाणी दिलं. मला सांगून काय होणार, असं ती शांतपणे म्हणाली. जिथे त्यांना नावं ठेवली तिथे जाऊन सांगा.

दुसऱ्या दिवशी सकाळी तो सामानाच्या दुकानावर गेला. काउंटरपाशी सात-आठ मिस्त्री होते. त्याने सगळं सांगितलं, मास्तरांच्या शब्दावर अडलेल्या कामासकट. सांगून झाल्यावर एका नव्या मिस्त्रीने विचारलं, "गळका कोण?" बाकी कुणाला तो आठवेना. दुकानदार तेवढा म्हणाला, होता एक, हात चांगला होता त्याचा, पण सोडून गेला. जाऊ द्या दादा, जुनी गोष्ट, असं कुणीतरी म्हणालं आणि माणसं आपापलं सामान मागू लागली. कुणीतरी चारचौघांत आपल्याला फाडफाड बोलावं म्हणून तो थोडा वेळ थांबला. कुणी बोललं नाही.

त्यानंतर तो दर आठवड्याला भावजयीकडे जाऊ लागला. ती या म्हणत नाही, येऊ नका असंही म्हणत नाही. माफीचा विषय दोघांनीही कधी काढला नाही. तो मशीनजवळच्या स्टुलावर बसतो आणि भावाबद्दल एखादी गोष्ट विचारतो. मनात आलं तर ती सांगते. शीतगृहात धाकटा दोन स्वेटर घालून बसायचा आणि तरी त्याची बोटं दुपारपर्यंत वळायची नाहीत, हे थोरल्याला असंच, एका टाचणीच्या नि दुसऱ्या टाचणीच्या मध्ये, कळलं.