सुभानमामांचा ब्रेक

आमच्या न्हावऱ्यात एखाद्या माणसाची खात्री द्यायची असली की म्हणत, "सुभानचा ब्रेक हाय त्यो." मुलीला स्थळ आलं, डेअरीवर नवा माणूस आला, कुणीही असो, एवढं ऐकलं की पुढची चौकशी होत नसे. सत्कार काय, गावोगाव होतात. शाल निम्मी सुती, नारळ निम्मा नासका. पण जिवंतपणी आपल्या नावाची म्हण होणं फार थोड्यांच्या नशिबात असतं. सुभान मुलाणी यांच्या नशिबात ते होतं, आणि माझ्यापायी ते गेलं. ते कसं गेलं हे मी आता सगळ्यांना सांगत सुटलो आहे. त्यांचे उपकार फिटण्यातले नाहीत, निदान सांगण्यातले तरी आहेत.

एसटी स्टँडच्या कडेला त्यांचं पत्र्याचं दुकान. पूर्वी दारात वीस-वीस सायकली उभ्या असत. आता मोटारसायकलींचे पंक्चर जास्त, सायकली म्हणाल तर शाळेच्या मुलींच्या आणि दूधवाल्या म्हाताऱ्यांच्या. अंगानं काटकुळे, दाढी पांढरी, आणि बोटांच्या पेरांत ग्रीस असं मुरलेलं की चांदबीमामी म्हणत, "निकाहच्या मेंदीत पण हेच हात व्हतं." गावातली आमची पिढी त्यांना मामाच म्हणते, कारण आमच्या आया त्यांना भाऊ मानतात.

त्यांची एक तऱ्हा होती. ब्रेकचं काम केलेली सायकल ते दुकानात ताब्यात देत नसत. मालकानं त्यांच्याबरोबर कालव्याच्या पुलापर्यंत चालत जायचं. पुलाच्या उतारावरून आधी मामा स्वतः सुसाट खाली येणार आणि लिंबाच्या झाडापाशी करकचून थांबणार. मग मालकानं यायचं. तोही झाडापाशी थांबला तरच सायकल घरी. सरपंच असो नाहीतर हेडमास्तर, यातून सुटका नाही. आणि मालक जर पोरगं असेल तर वर एक धडा मिळे.

"ब्रेक गेला तर काय करशील?"

"उडी मारीन," मी दहा वर्षांचा असताना म्हणालो होतो.

डोक्यात टपली बसली. "उडी मारून मरशील. ब्रेक गेला तर खाली बघायचं न्हाई. चढ कुठं हाय ते हुडकायचं. चढासारखा ब्रेक अल्लानं दुसरा बनवला न्हाई."

सपाट गावातल्या पोराला हे ज्ञान काय कामाचं, असं मला तेव्हा वाटलं. मी तसाही लहानपणापासून शहाणाच.

पुढे मी सणसवाडीला कंपनीत लागलो. प्रेस मशिनवर आठ तास उभं राहून माणसाच्या अंगावर जो गंज चढतो, तो उतरवायला कुणी काय करतं, कुणी काय. आमच्या खात्यातल्या चार-पाच जणांनी सायकली घेतल्या. मीही घेतली, बारीक टायरची, वाकड्या हँडलची. आईनं, सोजराबाईंनी, तिच्याभोवती एक फेरी मारली आणि म्हणाली, "एवढी म्हागाची आन् कॅरियर न्हाई?"

सुट्टीच्या दिवशी आम्ही चौफुल्यावरून यवतला जायचो आणि भुलेश्वरचा घाट चढायचो. चढताना जीव तोंडाशी येतो, देव आठवतो, सासुरवाडी आठवते. पण मी चढायचो ते उतरण्यासाठी. माथ्यावर पाण्याचे दोन घोट घ्यायचे, हँडलच्या खालच्या वळणात हात घालायचे, पोट दांडीला टेकवायचं आणि सोडून द्यायचं. पहिल्या वळणापर्यंत वारा नुसता बोलतो, दुसऱ्यानंतर तो ओरडायला लागतो. डोळ्यांतून पाणी कानाकडे वाहतं. खाली यवतची घरं, उसाचे हिरवे तुकडे, रेल्वेची रेघ हे सगळं तिरकं होतं. बारा तासांच्या ओव्हरटाइमनंतरही माणूस हलका होऊ शकतो हे मला त्या घाटात कळलं. भीती वाटायची नाही असं नाही. भीतीचीच तर चव होती.

परत आलो की मामा विचारत, "किती पळाली?"

"बासष्ट."

त्यांचे डोळे पोरासारखे चमकत. "बासष्ट! आन् थांबली कशी?" त्यांना पळण्यापेक्षा थांबण्याचं कौतुक. वर्षात दोनदा ते माझ्या सायकलचे ब्रेकचे रबर बदलून देत, आणि मला, तिशीच्या बाप्याला, कालव्याच्या पुलावर नेऊन परीक्षा घेत.

गेल्या वर्षाआधीच्या दसऱ्याची गोष्ट. दोन दिवस अगोदर मामांनी नवे रबर बसवले, पुलावर पाहिलं, सायकल लिंबापाशी गपकन थांबली. खंडेनवमीला माझी सेकंड शिफ्ट होती. घरी उशिरा आलो तर आईनं कोयता, मोटर, शिलाई मशीन यांच्या रांगेत माझी सायकलही पुजलेली, हँडलला झेंडूची माळ, हळदीकुंकवाची बोटं. पहाटे मी माळ काढून खुंटीला अडकवली आणि निघालो.

वाटेत एकदा ब्रेक जरा मऊ लागला. म्हटलं नवे रबर आहेत, बसतील. शहाणा माणूस असाच विचार करतो.

घाटाच्या तिसऱ्या वळणाआधी मी दोन्ही ब्रेक ओढले आणि सायकल थांबायची सोडा, हळूसुद्धा होईना. बोटं हँडलपर्यंत आली. चाकं तशीच गरगरत होती. मीटरवर छप्पन्न होतं, आणि हा आकडा मला आजही दिसतो. वळण कसंबसं घेतलं, पुढचं टायर दरीच्या बाजूच्या खडीवरून गेलं. पुढं त्याहून तीव्र वळण होतं आणि तिथून एक टेम्पो वर येताना दिसत होता. त्या क्षणी बायको आठवली नाही, आई आठवली नाही. आठवली ती टपली. खाली बघायचं न्हाई. मी नजर उचलली तर डोंगराच्या अंगाला एक कच्ची वाट वर चढत गेलेली, मेंढरांची असावी. हँडल वळवलं. सायकल दगडांवर आपटत चढली, चढानं तिचा जोर खाल्ला, आणि शेवटी आम्ही दोघं वाळक्या गवतात पडलो. गळपट्टीचं हाड मोडलं आणि एक दात गेला. टेम्पोवाला उतरून म्हणाला, "भाऊ, दसरा पावला तुला."

दवाखान्यातून घरी आणलं तेव्हा सायकल अंगणात भिंतीला टेकवलेली होती. मामा बातमी कळताच धावत आले. मला पाहिलं, मग सायकलपाशी बसले. चाकाच्या कडेवरून बोट फिरवलं, नाकाला लावलं, आणि सावकाश पायजम्याला पुसलं. मी खाटेवरून बघत होतो, पण वेदनेपुढं त्याचा काही अर्थ लागला नाही.

आई दारात कमरेवर हात ठेवून उभी. "दोन दिसामागं तूच ब्रेक केलं व्हतं ना रे? मग?"

मामांनी हँडलवरची हळदीकुंकवाची बोटं पाहिली, आईकडे पाहिलं. मग म्हणाले, "व्हय आक्का. रबर हलकं निघालं. माझीच चूक."

मग आईचं तोंड सुटलं. तुझे हात झडतील, माझ्या एकुलत्या एका लेकराला घाटात ढकललंस, म्हातारपणी दुकान कशाला उघडं ठेवतोस. मामांनी खाली मान घालून सगळं ऐकलं आणि निघून गेले. मीही त्यांच्या बाजूनं बोललो नाही. खरं सांगायचं तर मलाही त्यांचा रागच आला होता. ज्यांच्या शिकवणीनं वाचलो त्यांच्यावर रागावण्याइतका मी हुशार.

आई घरात सांगून थांबणारी नाही. डेअरीवर, पिठाच्या गिरणीत, एसटीत, सगळीकडे तिनं सांगितलं. वर्षभर सांगितलं. हळूहळू शाळेच्या मुलींच्या सायकली शिरूरला जायला लागल्या. आणि गावाच्या तोंडाला काय, म्हण उलटी फिरली. कुणी शब्द फिरवला की पारावर हसत, "सुभानचा ब्रेक हाय व्हय रं?" मामांसमोरही म्हणत. मामा पंक्चरच्या पाण्यात ट्यूब बुडवून बुडबुडे बघत बसत.

हाड जुळलं. मी सायकल शिरूरला दुरुस्त करून आणली आणि स्टँडवरून जाताना दुकानाकडे न बघता जाऊ लागलो.

मग पुढच्या वर्षीची खंडेनवमी आली. कंपनीत मशिनींची पूजा झाली, पेढ्याचा बॉक्स हातात देऊन आम्हाला दुपारीच सोडलं. मी घरी आलो तर आई अंगणात पाटावर बसलेली. शेजारी वाटीत खोबरेल तेल, हातात जुन्या लुगड्याचा बोळा. माझी सायकल उलटी उभी केलेली, आणि आई एका हातानं चाक फिरवत दुसऱ्या हातानं त्याच्या कडेला तेल चोळत होती. जिथं ब्रेकचं रबर धरतं, नेमकं तिथं. कोयत्याला लावावं, मशिनला लावावं, तसं, मायेनं. चांदीसारखी चकाकत होती कड.

"आलास व्हय?" ती म्हणाली. "मागल्या साली पण अशीच चमकवली व्हती. म्हणून तर देवानं राखलं तुला."

मी पेढे तिथंच ठेवले आणि स्टँडकडे चालत गेलो.

मामांनी माझं तोंड पाहिलं आणि हातातला पाना खाली ठेवला. "कळलं वाटतं."

"तुम्हाला त्याच दिवशी कळलं व्हतं. वास घेतला तुम्ही."

"खोबरेलाचा वास काय लपतो का? गप बस आता. घरी जा, राखेनं घास चाकं, रबर बदल. आन् आक्काला सांगू नको."

"मामा, तुमचं नाव गेलं गावात!"

"गेलं तर गेलं. माझी साठी उलटली. पण तिला कळलं की आपल्या हातानं पोराला मारत व्हतो, तर ती त्या हातानं भाकर कशी थापंल?"

मी भांडलो. माझा स्वभावच तापट आणि त्या दिवशी राग सगळा माझाच मला आला होता. ते ऐकेनात. शपथ घालायला लागले तसा मी उठून आलो, कारण शपथ घेतली असती तर पाळावी लागली असती. वर्षभर एका माणसानं माझ्या आईसाठी स्वतःला मातीत घातलं होतं, आणि मी ते गिळून गप्प बसायचं? तेवढा चांगला मी नाही.

संध्याकाळी आईला सगळं सांगितलं. ब्रेक कसा धरतो ते चाक फिरवून दाखवलं. तेल लावलेल्या चाकावर, मग राखेनं घासलेल्या चाकावर. तिनं दोन्ही वेळा स्वतः ब्रेक दाबून पाहिला. चुलीपुढं जाऊन बसली, आणि त्या दिवशी भाकरी माझ्या बायकोनं केल्या.

दुसऱ्या दिवशी दसरा. तिन्हीसांजेला गाव शीव ओलांडून येतं आणि एकमेकांना आपट्याची पानं देतं, सोनं म्हणून. वर्षाची भांडणं त्या दिवशी मिटवायची अशी रीत आहे, आणि न मिटवायची असली तर त्या घरावरून वाकडी वाट करून जायचं, अशीही रीत आहे. आईनं नवं लुगडं नेसलं, पदरात पानं घेतली आणि मला म्हणाली, "चल." ती सरळ स्टँडवर गेली. शिरूरची गाडी लागलेली, पार भरलेला, अर्धं गाव तिथंच. मामा दुकान बंद करत होते.

आईनं आवाज चढवला. चढवायची तिला सवयच आहे.

"ऐका रे समद्यांनी! माझ्या नवनाथच्या चाकाला तेल मी लावलं व्हतं. पूजा म्हणून, ह्या हातानं. सुभानच्या ब्रेकात काय खोट न्हवती. त्यानं माझं पाप स्वतःच्या अंगावर घेतलं."

मामा गोंधळून गेले. खुर्ची पुसायला फडकं शोधू लागले, मग म्हणाले, "बसा आक्का, चा सांगतो."

"चा नगं मला. वर्सभर तुला शिव्या घातल्या. गावभर तुझी बदनामी केली. तू तोंड का न्हाई उघडलंस?"

मामा हसले. आधी खाली बघितलं, मग माझ्याकडे, मग आईकडे.

"आक्का, खरं सांगू? तुमच्या शिव्या कानावर आल्या की मला बरं वाटायचं."

"बरं वाटायचं?"

"व्हय. म्हणायचो, आक्का अजून शिव्या देती म्हंजी पोरगं घरात जितं-जागतं हाय. त्या दिशी त्याचं काय बरंवाईट झालं असतं, तर तुम्ही कुणालाच काय बोलल्या नसता."

आईनं पानं त्यांच्या तळव्यावर ठेवली. तो काळा, ग्रीसचा तळवा तिनं दोन्ही हातांत घट्ट धरला, आणि माझ्या अपघाताचं ती त्या दिवशी पहिल्यांदा रडली.